राखघाटातला ड्रॅगन आणि डॉक्टरांचा पुठ्ठा

डॉक्टर पुठ्ठ्याआड फासा टाकायचे. आम्हाला फक्त आवाज ऐकू यायचा. फासा स्टीलच्या ट्रेमध्ये गडगडायचा, थांबायचा, डॉक्टर चष्म्यावरून खाली बघायचे आणि म्हणायचे, "चुकला." म्हणजे माझ्यावर सुटलेला बाण चुकला. एकदा झालं, दोनदा झालं, ठीक आहे. पण सलग तिसऱ्या रविवारी मी मरता मरता वाचले, तेव्हा माझ्या मनात आलं की हा माणूस मला सांभाळून घेतोय.

हे मरण कुठलं, ते आधी सांगते. जळगावात पिंप्राळ्याला एक होमिओपॅथीचा दवाखाना आहे. रविवारी तो बंद असतो. दुपारी दोन ते सहा त्याच्या वेटिंग रूममध्ये, बाकडी एकमेकांना जोडून, आम्ही एक खेळ खेळायचो. या खेळाला पट नसतो. डॉक्टरांनी मनानं एक जग रचलेलं असतं, त्यात राज्यं, जंगलं, राक्षस, जादू सगळं असतं. आपण प्रत्येकानं त्या जगातलं एक माणूस व्हायचं. डॉक्टर सांगणार, "तुम्ही नदीपाशी आलात. पूल मोडलाय. पलीकडे धूर दिसतोय. काय करता?" आपण काय करतो ते बोलून सांगायचं. ते जमलं की नाही, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. आकडा मोठा आला तर जमलं, लहान आला तर फसलं. आपले फासे आपण सगळ्यांसमोर टाकायचे. शत्रूंचे फासे डॉक्टर टाकणार, तेही औषध कंपनीच्या खोक्याचा पुठ्ठा उभा करून त्याच्या मागे. त्यांची टिपणंही तिथेच असायची.

सगळे पहिल्या लेव्हलवर सुरू करतात. हळूहळू अनुभव वाढतो, लेव्हल वाढते. मी वाटाडी होते, हातात धनुष्य, जंगलाची माहिती. माझा धाकटा भाऊ कुऱ्हाडवाला लढवय्या होता. तो एरवी मोबाइल दुरुस्त करतो. मला या खेळात त्यानंच आणलं.

पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी एक नियम सांगितला होता. ते म्हणाले, "ताई, माझं जग तुमच्या लेव्हलप्रमाणे लहानमोठं होत नाही. गावाजवळ कोल्हे आहेत, नदीपलीकडे लुटारू आहेत आणि उत्तरेला राखघाट आहे. राखघाटात ड्रॅगन आहे. पहिल्या लेव्हलला गेलात तरी तोच ड्रॅगन, दहाव्या लेव्हलला गेलात तरी तोच. मी एवढंच करीन, धोक्याच्या अलीकडे खूण ठेवीन. ती वाचायची की नाही, हे तुमचं तुम्ही बघायचं."

मला ते बोलणं फार पटलं होतं, कारण माझा धंदाच तो. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बायकांना गाडी शिकवते. पहिल्या दिवशी सकाळी मेहरूण तलावाचा रस्ता, तिथे फिरायला येणारी माणसं सोडली तर काही नसतं. मग कॉलनीतल्या गल्ल्या. मग बाजार. हायवे सगळ्यात शेवटी. शिकवायच्या गाडीत माझ्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणारी घाबरली की मी तो हळूच दाबते. तिला वाटतं, गाडी आपणच थांबवली. मी मान डोलावते आणि "छान" म्हणते. बारा वर्षं मी हे करतेय, त्यामुळे दुसरा कुणी हळूच ब्रेक दाबत असेल, तर ते मला कळायला नको?

आणि मला सांभाळून घ्यायला कारणही होतं. खेळात येण्याच्या चार महिने आधी माझा अपघात झाला होता. एका शिकणारीला मी सहाव्याच दिवशी हायवेवर नेलं. तिचा हात चांगला होता, मला वाटलं जमेल. मागून ट्रकचा हॉर्न वाजला आणि ती रस्त्याच्या मधोमध गोठली. ब्रेक मी दाबला, पण तो चुकीच्या वेळी दाबला. ट्रकनं मागून ढकललं, आम्ही दुभाजकावर गेलो. तिला खरचटलंसुद्धा नाही. माझं खांद्याचं हाड मोडलं आणि डोक्याला मार लागला. हाड जुळलं, पण मी गाडीत बसायला तयार होईना. घरातले सगळे माझ्याशी काचेच्या भांड्याशी वागावं तसे वागायला लागले. दाराची घंटा वाजली तरी मला उठू द्यायचे नाहीत. त्यातून बाहेर काढायला म्हणून भावानं मला दवाखान्यात नेलं, आणि आता तिथेही तेच चाललंय, असा मला वास यायला लागला.

मी लक्ष ठेवायला लागले. एका रविवारी भाऊ आला नाही, त्या दिवशी लुटारू चारच निघाले. पुढच्या रविवारी भाऊ होता, तर आठ. मी डॉक्टरांना विचारलं, "मागच्या वेळी चार होते ना?"

"लुटारू काय रोज सगळे कामावर येतात का, ताई?" ते म्हणाले. भाऊ हसला. मी नाही हसले.

मग मी बाण मोजायला लागले. माझ्यावर किती सुटले, किती लागले. भावावर किती सुटले, किती लागले. तीन आठवड्यांत भावाला माझ्या दुपटीनं लागले होते. तो पुढे होऊन लढायचा आणि मी झाडामागून बाण मारायचे, हे मला कळत होतं. तरीही मला ते आकडे सरळ वाटेनात. संशय आला की माणूस हिशेब जुळवत नाही, उत्तर आधी लिहितो आणि मग आकडे शोधतो. मीही तेच करत होते. पण हे आज सुचतंय.

दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंनाही आमचा संशय होताच. बंद दाराआड फाशांचा आवाज, मध्येच कुणी ओरडतंय "मेला!" त्या एकदा न सांगता आत आल्या. टेबलाखाली वाकून पाहिलं. त्यांना शेंगदाणे, कागद आणि पेन्सिली सापडल्या. "मग हरतं कोण?" त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "कुणीच नाही." त्यावर त्यांचा चेहरा असा झाला, की याहून जुगार असता तर बरं.

त्याच सुमाराला आमच्यात एक तिसरी खेळाडू आली. दोंडाईच्याची मुलगी, बँकेत नोकरीला, चोवीस-पंचवीसची. दर रविवारी सकाळच्या गाडीनं यायची. ती मांत्रिक झाली. आम्ही चौथ्या लेव्हलला, ती पहिल्या. पहिल्या दिवशी खुर्ची कमी पडली म्हणून ती डॉक्टरांच्या बाजूला, औषधांच्या कपाटाला टेकून स्टुलावर बसली. आम्ही जंगलातून जात होतो. झुडपातून अस्वल निघालं आणि सरळ तिच्यावर गेलं. तिच्यात जेमतेम सहा हिट पॉइंट होते, खेळात जीव असा आकड्यांत मोजतात; अस्वलाचा एक पंजा पुरे. डॉक्टरांनी फासा टाकला, खाली पाहिलं.

"चुकलं," ते म्हणाले.

मी डॉक्टरांकडे बघत नव्हते. मी तिच्याकडे बघत होते. तिचे डोळे ट्रेवरून डॉक्टरांच्या तोंडाकडे गेले, परत ट्रेकडे आले, आणि तिनं पटकन मान खाली घातली.

संध्याकाळी मी तिला स्कूटरवर स्टेशनला सोडायला निघाले. वाटेत विचारलं, "फाशात काय आलं होतं गं?"

"कशात, अक्का?"

"अस्वलाच्या वेळी. तू तिकडेच होतीस."

"माझं लक्ष नव्हतं," ती म्हणाली. मागे बसली होती, त्यामुळे चेहरा दिसला नाही. पण ती स्टेशन येईपर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि दुपारभर तर ती सारखी बोलत होती.

पुढच्या रविवारी मी जरा लवकर पोचले. डॉक्टर आणि भाऊ दवाखान्याच्या पायरीवर बसून हलक्या आवाजात बोलत होते. मला बघून गप्प झाले. भाऊ उगाच मोबाइल काढून बघायला लागला.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"काही नाही. उकाड्याचं बोलत होतो," डॉक्टर म्हणाले. जळगावात मे महिन्यात उकाड्याबद्दल कुणी कुजबुजत नाही.

घरी जाताना मी भावाला सरळ विचारलं, "तू डॉक्टरांना माझ्याबद्दल काही सांगितलंयस का?"

"काय सांगणार?"

"मला मारू नका म्हणून."

"अक्का, तुझा स्वभावच तसा झालाय," तो म्हणाला. "खेळ आहे तो. खेळ ना."

त्यानं नाही म्हटलं नव्हतं, हे मी आठवडाभर लक्षात ठेवलं. आणि ठरवलं, की आता विचारायचं नाही, बघायचं. डॉक्टरांचं जग खरंच आपल्या मापानं बदलत नसेल, तर राखघाटातला ड्रॅगन मला मारील. बदलत असेल, तर मी तिथूनही कशीबशी वाचेन. मग मी उठून घरी जाईन आणि परत येणार नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही नदीच्या काठी मुक्कामाला होतो. मी म्हणाले, "मी उत्तरेला जाते. एकटी."

भावानं कागदावरून मान वर केली. "कशाला?"

"बघायला."

डॉक्टरांनी टिपणांचं पान उलटलं. मग सांगायला लागले. रस्ता चढत जातो. दुपारनंतर पाखरांचा आवाज थांबतो. मी म्हणाले, पुढे जाते. झाडं दिसतात, पण सगळी कोळशाची, उभीच्या उभी जळलेली. मी पुढे गेले. रस्त्याच्या कडेला बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव पडलेली आहे, मेणासारखी वितळून परत थिजलेली. शेवटच्या झोपडीत एक म्हातारा बसलाय. त्याच्या अंगावर अर्ध्या बाजूला भाजल्याच्या खुणा आहेत. तो म्हणतो, इथून पुढे माझे दोन मुलगे गेले. परत एकही आला नाही.

"अक्का, परत ये," दोंडाईच्याची मुलगी म्हणाली.

"खुणा वाचल्यात ना, ताई?" डॉक्टरांनी विचारलं.

"वाचल्या. पुढे जाते."

"नक्की?"

"नक्की. आणि आजचा फासा समोर टाका. पुठ्ठा काढा."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी सबब सांगतील, नियम सांगतील. त्यांनी पुठ्ठा उचलला, आडवा केला आणि भिंतीशी ठेवला. त्याच्यामागे स्टीलचा ट्रे, टिपणांची वही आणि अर्धी खाल्लेली खारी एवढंच होतं.

ड्रॅगन राखेतून वर आला. डॉक्टरांनी त्याचं फार वर्णन केलं नाही. फासा टाकला. सतरा. लागण्यासाठी त्याला पंधरा पुरे होते. मग आगीचे फासे, ओंजळभर. त्यांनी ते एकेक करून माझ्यासमोर मोजले आणि बेरीज मला करायला लावली. माझ्यात एकतीस हिट पॉइंट होते. बेरीज सेहेचाळीस आली.

"वाटाडी गेली," डॉक्टर म्हणाले. आवाज चढवला नाही, दुःख दाखवलं नाही.

मला काय वाटलं ते सांगायला सोपं नाही. आधी बरं वाटलं, खरंच बरं वाटलं, जसं महिनोन्महिने कुणी खरं बोललं नाही आणि अचानक कुणीतरी बोललं. आणि लगेच वाईटही वाटलं. कागदावरची बाई ती. पण इकडे मी घरात भाजी चिरायलाही कुणाला तरी विचारायचे, आणि तिथे ती एकटी जंगलात वाट काढायची. ती मेली होती, आणि मीच तिला चालत नेऊन मारलं होतं.

तेवढ्यात भाऊ उभा राहिला. "डॉक्टर, आपलं काय ठरलं होतं?"

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, पण तोवर उशीर झाला होता. माझा संशय खरा होता. मी त्याच्याकडे बघितलं, तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता.

"सांगा की," मी डॉक्टरांना म्हणाले. "काय ठरलं होतं?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "भाऊ तुम्हाला आणायच्या आधी माझ्याकडे आले होते. म्हणाले, अक्का मोठ्या अपघातातून उठलीये, तिला खेळात काही होऊ देऊ नका. मी हो म्हणालो."

"म्हणजे इतके दिवस…"

"हो म्हणालो," ते परत म्हणाले, "आणि तसं केलं नाही. नाही म्हटलं असतं, तर त्यांनी तुम्हाला आणलंच नसतं."

भाऊ खाली बसला. त्याला हे माहीत नव्हतं. इतके रविवार तो निर्धास्त होता, की अक्काला काही होणार नाही, आणि मी मात्र दर रविवारी खरोखर मरता मरता वाचत होते. त्या दिवशी पायरीवर, हे नंतर कळलं, तो डॉक्टरांना विचारत होता, की हल्ली तिला फारच लागतंय, लक्ष आहे ना तुमचं? आणि डॉक्टर हो हो म्हणत होते.

"यावर मी कसा विश्वास ठेवू?" मी म्हणाले. "फासे तुम्ही आड टाकत होता."

तेव्हा मुलीनं तोंड उघडलं. "अक्का, त्या दिवशी फासा मी बघितला होता. अस्वलाच्या वेळी." तिनं डॉक्टरांकडे एकदा बघितलं. "एकोणीस आले होते."

"बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. "एकोणीस होते. चुकलं म्हणून मी खोटं सांगितलं. ती पहिला दिवस खेळत होती, तिला खुणा कशा वाचायच्या हेच माहीत नव्हतं. आणि अस्वलाच्या अलीकडे खूण ठेवायला मीच विसरलो होतो. माझी चूक तिच्या जिवावर कशाला? एवढं एकदाच."

"आणि माझ्या पहिल्या दिवशी?"

त्यांनी फासे गोळा करून ट्रेमध्ये ठेवले. "ताई, ते मला आठवत नाही."

आठवत असणार. मला आजही वाटतं, आठवत असणार. पण मी त्यावर भांडले नाही. पहिल्या दिवशी शेजारच्या ब्रेकवर पाय न ठेवणारा शिकवणारा मी तरी पाहिलेला नाही.

भांडले ते भावाशी, आणि तेही आठ दिवसांनी. तोवर मी त्याच्याशी बोललेच नाही. मग एका दुपारी त्याच्या दुकानात गेले. तो कुणाच्या तरी फोनची काच बदलत होता. मी स्टुलावर बसले आणि म्हणाले, "तू मला विचारायचं होतंस."

त्यानं काच टेबलावर ठेवली. "हॉस्पिटलात तू शुद्धीवर नव्हतीस तेव्हा बाहेर मी होतो," तो म्हणाला. "तुला ते माहीत नाही. तुला फक्त नंतरचं माहीत आहे. पट्टी, गोळ्या, बिस्किटं. आधीचे तीन तास माझ्याकडे आहेत." मग म्हणाला, "मला वाटलं, एक तरी जागा अशी असावी, जिथं तुला काही होणार नाही, हे मला आधीच माहीत असेल."

मी रागावूनच गेले होते. पण तो राग आता उरला नाही. मी म्हणाले, "तशी जागा नाही. खेळातही नाही."

"ते कळलं आता," तो म्हणाला आणि परत फोन उघडायला लागला. मी आणखी थोडा वेळ बसले.

पुढच्या महिन्यात मी परत शिकवायला लागले. माझ्या पहिल्या बाई पन्नाशीच्या, शाळेत शिक्षिका. मेहरूणला गाडी थांबवून मी त्यांना माझ्या पायाशी असलेला ब्रेक दाखवला. "आज यावर माझा पाय असेल," मी म्हणाले. "मी दाबला तर दाबला म्हणून सांगीन. ज्या दिवशी पाय काढीन, तेही सांगीन." त्या म्हणाल्या, "हे आधी कुणी सांगितलं असतं, तर मी दहा वर्षांपूर्वीच शिकले असते." त्यांना हायवेवर न्यायला मला तेवीस दिवस लागले. कदाचित जरा जास्तच. पण कमी झाले, असं कुणी म्हणणार नाही.

खेळात मी नवं माणूस झाले, पहिल्या लेव्हलपासून. यावेळी वैदू. बाकीचे सहाव्या लेव्हलला होते, त्यामुळे मी सगळ्यांच्या मागे राहायचे आणि खुणा वाचायचे. डॉक्टर आता फासे समोर टाकायचे. पुठ्ठा टिपणं झाकायला तेवढा ठेवायचे. तरी मी त्यांच्या हाताकडे बघायचे. ते एकदा म्हणाले, "अजून विश्वास नाही ना?" मी म्हणाले, "आहे. बघतेय फक्त."

दिवाळीनंतर डॉक्टरांच्या घशाचं छोटं ऑपरेशन झालं. महिनाभर बोलायचं नाही, असं त्यांना बजावलं होतं. ते विश्रांतीला धुळ्याला देवपूरमध्ये बहिणीकडे गेले. तिथून मला मेसेज आला, की रविवारी तिघं इकडे या, खेळ तुम्ही चालवा, मी खेळीन. मी नाही म्हणणार होते. भाऊ म्हणाला, "का? तू तर सगळ्यात जास्त बघितलंयस."

मी चार संध्याकाळी बसून एक जंगल रचलं. त्यात एक खिंड, खिंडीत लांडगे. सात लिहिले. तिघांना सात झेपतील, जरा ओढाताण होईल, असा माझा अंदाज होता. अलीकडे खुणा ठेवल्या. फाटलेलं घोंगडं, चिखलात पंजे, झाडावर चढून बसलेला एक धनगर, जो काही केल्या खाली येईना.

डॉक्टर गळ्याला मफलर गुंडाळून पाटी-पेन्सिल घेऊन बसले होते. पाटीवर लिहायचे आणि आम्हाला दाखवायचे. एक तास बरं चाललं. मग त्यांना थकवा आला. बहिणीनं त्यांना उठवलं आणि आतल्या खोलीत झोपायला नेलं. जाता जाता त्यांनी पाटीवर लिहिलं, "किती?" आणि माझ्याकडे धरली. मी मान हलवली. सांगणार नाही.

आता भाऊ आणि ती मुलगी दोघंच उरली, आणि समोर खिंड. दोघांना सात म्हणजे सरळ मरण. मी माझ्या वहीत बघत होते. सात हा आकडा मीच लिहिलेला, दुसऱ्या कुणी पाहिलेला नाही. पुसून चार केले असते, तर कुणाला कळलं असतं?

"धनगर अजून झाडावरच आहे," मी म्हणाले. "तो तुम्हाला हातानं मागे जा म्हणतोय."

"तू सांगतेयस की तो सांगतोय?" भावानं विचारलं.

"तो."

"मग जाऊ पुढे," भाऊ म्हणाला. मला वाटतं, तो माझी परीक्षा बघत होता. मुलीनं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "ठीक शे, चला."

लांडगे आले. फासे मी समोर टाकले. एकदा फासा टेबलाखाली गेला आणि आम्ही तिघं वाकून तो बघायला गेलो. अठरा. भावाचा लढवय्या खाली पडला. मला ते तोंडानं सांगावं लागलं, त्याच्याकडे बघून. "तू पडलास. शुद्ध नाही." त्यानं कागदावर आकडा खोडला. मुलीनं धुराचा मंत्र टाकला, त्याला पायाला धरून ओढत खिंडीबाहेर नेलं. तिचाही जीव दोनवर आला होता. तिथे मी खेळ थांबवला. पलीकडच्या खोलीतून डॉक्टर उठून आले, आमची तोंडं बघितली आणि आवाज न करता हसले.

त्यांच्या बहिणीनं शेवभाजी आणि भाकरी केली होती. जेवून आम्ही निघालो. मुलीला दोंडाईच्याची बस होती, म्हणून आधी स्टँडवर गेलो. भाऊ पाण्याची बाटली आणायला गेला. ती माझ्याजवळ सरकली. इतके महिने माझ्याशी बोलताना तिची भाषा शहरी असायची, त्या दिवशी ती घरच्यासारखी, अहिराणीत बोलली.

"अक्का, खरं सांग. लांडगा सातच व्हतात का?"

"सातच."

"माले पाचच दिसनात."

तिला पाचच दिसले, ते खरं. लांडगे सात होते. पण दोन मी झाडीतच ठेवले होते. ते बाहेर यायचेच होते, पुढच्या फेरीला, नाहीतर त्याच्या पुढच्या. प्रत्येक फेरीला मी ठरवत होते, आता आणते, आणि आणले नाहीत. ते सांभाळून घेणं होतं की माझा हात उशिरा चालला, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

"दोन मागे होते," मी म्हणाले. "झाडीत."

"असं?" ती म्हणाली.

बस लागली. ती चढली, खिडकीशी बसली आणि बस हलेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली.